रोषणाई कोणाची, भुर्दंड कोणाला?

रविवारची दुपार. एखाद्या मध्यम आकाराच्या शहरातील गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक तरुण आपल्या मोटारीचे बॉनेट उघडून बसलेला असतो. गाडी बहुधा वापरलेली, कर्ज काढून घेतलेली. हप्ते अजून काही वर्षे फेडायचे असतात. शेजारी फरशीवर एलईडी दिव्यांच्या पट्टीची पाच मीटरची गुंडाळी, एक पक्कड आणि चिकटपट्टीचे वेटोळे पडलेले असते. काही शे रुपयांत आणलेली ती पट्टी संध्याकाळपर्यंत बंपरखाली, पुढच्या जाळीमागे आणि दारांच्या तळाशी चिकटवली जाते. पार्किंगच्या दिव्याची तार सोलून तिच्यावर पट्टीची तार पिळली जाते. दिवेलागणीला बटण दाबताच ती जुनी गाडी निळ्या-जांभळ्या प्रकाशावर तरंगत असल्याचा भास होतो. आवारातील मुले टाळ्या पिटतात, आणि त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते अगदी खरे असते.

हौसेची ही गोष्ट इतकी किरकोळ, की तिच्यावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु तीच गाडी रात्री नऊच्या सुमारास दुपदरी महामार्गावर उतरते, समोरून एक दुचाकीस्वार पत्नीला आणि मुलाला घेऊन येत असतो, आणि ज्या रंगीत प्रकाशाने आवारातील मुले हरखली त्याच प्रकाशाने त्या दुचाकीस्वाराला रस्त्याची कड दिसेनाशी होते. तेव्हा ही हौस खासगी राहत नाही. तिचा आनंद एकाच्या खात्यावर जमा होतो आणि खर्च दुसऱ्याच्या नावे पडतो. हा हिशेब कसा जुळवायचा हा प्रश्न तांत्रिक जितका आहे तितकाच अर्थशास्त्राचा आणि नागरिकधर्माचा आहे.

सजविण्याची जुनी हौस

या हौसेकडे नाक मुरडून पाहण्याची सुशिक्षितांची सवय प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. ज्याच्या जिवावर आपला प्रपंच चालतो त्याला सजविणे ही या भूमीतील फार जुनी रीत आहे. पोळ्याला शेतकरी बैलांची शिंगे रंगवितो, त्यांना बाशिंग बांधतो, पाठीवर झूल चढवितो. दसऱ्याला रिक्षापासून एसटीपर्यंत प्रत्येक वाहनाच्या कपाळी झेंडूची माळ येते. मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेले मोर, कमळे आणि सुभाषिते तर महामार्गावरचे चालते-फिरते चित्रप्रदर्शनच होय. मोटारीच्या अंगावर दिव्यांची पट्टी लावणारा तरुण याच परंपरेचा वारस आहे. त्याच्या रंगांची निवड कोणाला भडक वाटेल, कोणाला नाही. अभिरुचीचे नियम कायद्याने ठरवू नयेत हे उत्तम.

तथापि जुन्या आणि नव्या सजावटीत एक मूलभूत फरक आहे. बैलाच्या झुलीने किंवा झेंडूच्या माळेने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. ज्याला पाहायचे तो पाहतो, ज्याला नको तो मान वळवितो. प्रकाशाचे तसे नाही. रात्रीच्या रस्त्यावर वाहन चालविणाऱ्याला समोर पाहावेच लागते. त्याला मान वळविण्याची मुभा नसते. म्हणून प्रकाशाची सजावट ही पाहणाऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या डोळ्यांत शिरणारी सजावट असते.

उजेड स्वस्त कसा झाला

ही हौस आजच एवढी का फोफावली याचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा किमतींच्या इतिहासात सापडते. अर्थशास्त्राचे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्यम नॉर्डहाऊस यांनी १९९० च्या दशकात उजेडाच्या किमतीचा एक विलक्षण अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी प्राचीन रोमन बनावटीच्या पणतीत तिळाचे तेल जाळून तिचा उजेड मोजला. साठ-पंचाहत्तर वॅटचा जुना दिवा तासभर जळावा इतका उजेड मिळविण्यासाठी प्राचीन बाबिलोनमधील मजुराला चाळीस तासांहून अधिक श्रम करावे लागत. १९९० च्या दशकातील अमेरिकन कामगाराला तेवढ्यासाठी एक सेकंदाचीही मजुरी पुरत होती. उजेडाइतकी स्वस्ताई माणसाने फार थोड्या वस्तूंत अनुभवली असेल.

या स्वस्ताईचा ताजा अध्याय एलईडीचा. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा पहिला एलईडी दाखविला. पुढची तीन दशके हा दिवा यंत्रांवरच्या खुणेच्या टिकल्यांपुरताच राहिला, कारण निळा प्रकाश साधत नव्हता आणि निळ्यावाचून पांढरा नाही. जपानी वंशाच्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा संशोधकांनी ही अडचण दूर केली, आणि २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत जो एलईडी दिवा २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. या योजनेखाली ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर पोहोचले. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे.

परंतु कार्यक्षमता वाढली की वापर घटतोच असे नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाविषयी लिहिताना हेच दाखवून दिले होते. वाफेची यंत्रे कमी कोळशात अधिक काम करू लागली, तसा कोळशाचा एकंदर खप वाढला, कारण पूर्वी न परवडणारी शेकडो कामे आता परवडू लागली. उजेडाचेही तेच झाले. घरातील दिव्याच्या बिलात जे वाचले ते लग्नाच्या मांडवात, दुकानाच्या पाटीत, इमारतीच्या दर्शनी भागावर आणि अखेरीस मोटारीच्या बंपरवर खर्च होऊ लागले. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दिव्यांच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या टांगलेल्या दिसतात. जेव्हा मोटारीवर जादा दिवा लावणे महाग होते, तेव्हा किंमत हाच त्या हौसेला लगाम होता. तो लगाम सुटला. त्याच्या जागी दुसरा कोणता घालायचा याचा विचार मात्र झाला नाही.

लाल दिव्याचा वारसा

आपल्याकडे प्रकाशाला आणखी एक अर्थ शासनानेच चिकटविला होता. मोटारीच्या टपावरचा लाल दिवा ही कित्येक दशके सत्तेची खूण होती. तो दिसला की हवालदार सलाम ठोके, नाक्यावरचा आडवा खांब वर जाई आणि बाकीची रहदारी खोळंबे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांपुरता मर्यादित करण्यास सांगितले, आणि केंद्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०१७ पासून तो मान्यवरांच्या गाड्यांवरून उतरला. निर्णय स्वागतार्ह होता. पण दिवा उतरविल्याने त्याने घडविलेली मनोवृत्ती उतरत नाही. ज्या समाजाने दोन पिढ्या असे शिकून घेतले, की झगमगणारी गाडी म्हणजे वजनदार माणसाची गाडी, त्या समाजात दिवे स्वस्त होताच प्रत्येकाने आपापल्या गाडीला थोडे वजन मिळवून देण्याचा प्रयत्न केला तर नवल नाही. जाळीमागे लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावणारे वाहनचालक काय सांगू पाहतात हे उघड आहे.

थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे धनिक वर्ग होता. आज ती प्रवृत्ती हप्त्यांवर गाडी घेणाऱ्यापर्यंत उतरली आहे, आणि याबद्दल त्या गरीब बिचाऱ्या हौशी माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र या स्पर्धेचा एक दोष फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये नेमका सांगितला होता. मिरवणूक नीट दिसावी म्हणून पुढचा माणूस टाचा उंचावतो, मग त्याच्या मागचा उंचावतो, आणि शेवटी सगळेच टाचा उंचावून उभे राहतात, पण कोणालाच पूर्वीपेक्षा जास्त दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. आवारात एकच गाडी उजळलेली असते तोवर ती उठून दिसते. दहा गाड्या उजळल्या की कोणतीच उठून दिसत नाही, आणि अकरावा अधिक प्रखर पट्टी आणतो. प्रत्येकाचा खर्च होतो, कोणाचेच वेगळेपण टिकत नाही, आणि रस्त्यावरचा झगझगाट तेवढा शिल्लक राहतो.

रस्त्याची भाषा

रात्रीच्या रस्त्यावर वाहने एकमेकांशी बोलतात ती प्रकाशाच्या भाषेत. पांढरा म्हणजे समोरून येणारे वाहन, लाल म्हणजे पुढे त्याच दिशेने जाणारे, लाल एकाएकी प्रखर झाला म्हणजे त्याने ब्रेक दाबला, पिवळसर नारिंगी उघडझाप करू लागला म्हणजे ते वळणार. या चार-पाच शब्दांच्या भाषेवर लक्षावधी माणसे दर रात्री आपले प्राण सोपवितात. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०८ व्या नियमाने पुढच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला लालखेरीज अन्य दिवा दाखविण्यास मनाई केली आहे. दिशादर्शक दिवा, मागे जातानाचा पांढरा दिवा, क्रमांकाच्या पाटीवरचा दिवा असे मोजके अपवाद तेवढे सोडले आहेत. आपत्कालीन कामावरच्या वाहनांना बहुरंगी दिव्याची मुभा आहे, आणि ती त्यांनाच असल्यामुळे तिला किंमत आहे.

अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे ही भाषा हे उत्तम उदाहरण होय. ती सर्वांची आहे, एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि तिच्या शब्दांचे अर्थ सर्वांनी पाळले तरच ती उपयोगी पडते. जो मागच्या बंपरखाली निळी धावती पट्टी लावतो तो या भाषेत एक निरर्थक शब्द घुसवितो. मागून येणाऱ्याला क्षणभर कळत नाही, की हे वाहन थांबले आहे, वळते आहे की रुग्णवाहिका आहे. वेगात क्षणभर ही फार मोठी मुदत असते. ताशी ६० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. दोन सेकंद डोळे दिपले तर वाहन ३३ मीटर आंधळेपणाने चालते. समोरचेही त्याच वेगाने येत असेल, तर दोघांमधील अंतर तेवढ्यात ६६ मीटरने घटते.

यात रंगाचाही भाग आहे. अंधाराला सरावलेला डोळा निळ्या-हिरव्या प्रकाशाला दिवसापेक्षा अधिक संवेदनशील असतो, आणि निळा प्रकाश डोळ्यात अधिक विखुरतो. वय वाढून नेत्रभिंगाची पारदर्शकता कमी झालेल्यांना, मोतीबिंदूची सुरुवात झालेल्यांना, हा त्रास विशेष जाणवतो. म्हणजे विशीतल्या डोळ्यांना जे मोहक वाटते ते साठीतल्या डोळ्यांना असह्य होते, आणि रस्ता दोघांचा असतो.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वाधिक संख्या दुचाकीस्वारांची आणि त्यांच्या खालोखाल पादचाऱ्यांची होती. या मृत्यूंचे खापर रंगीत पट्ट्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. शासकीय आकडेवारीत अतिवेग हे सर्वांत मोठे कारण आहे. पण ज्या रस्त्यावर काचेआड न बसलेला माणूसच सर्वाधिक मरतो, त्या रस्त्यावर त्याची नजर आणखी अधू करणारी गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मांडले, की जेव्हा एखाद्याच्या कृतीचा खर्च तिसऱ्यावर पडतो तेव्हा बाजारातील किंमत खोटी असते आणि शासनाने ती दुरुस्त केली पाहिजे. यावर रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये आक्षेप घेतला, की संबंधित दोघांना सौदा करणे सोपे असेल तर शासनाची गरज नाही. शेजाऱ्याच्या गच्चीवरील दिवा खिडकीतून झोपेच्या खोलीत येत असेल, तर दार ठोठावून बोलता येते. परंतु समोरासमोर येऊन एका क्षणात परस्परांना ओलांडणाऱ्या दोन अनोळखी वाहनचालकांनी सौदा कोठे आणि कसा करायचा? येथे कोस यांचा मार्ग बंद आहे. नियम हवाच.

तारांचे गणित

हानी समोरच्याचीच होते असे नाही. घरी केलेल्या जोडणीत स्वतःच्या गाडीलाही धोका असतो, आणि तो साध्या गुणाकाराने समजतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्रखर पट्ट्यांपैकी एका जातीत दर मीटरला ६० दिवे असतात आणि मीटरमागे सुमारे १४ वॅट वीज लागते. पाच मीटरला ७० वॅट. मोटारीची विद्युत्व्यवस्था १२ व्होल्टची. म्हणजे जवळजवळ ६ अँपिअरचा प्रवाह. ज्या पार्किंगच्या दिव्याच्या तारेवर ही पट्टी जोडली जाते तो जुन्या पद्धतीचा दिवा बहुधा ५ वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेणारा असतो. त्याच्या बारीक तारेवर चौदा पट बोजा पडतो.

मग फ्यूज उडतो. फ्यूज उडणे हे संकट नव्हे, ती संकटाची पूर्वसूचना. पण उत्साहाच्या भरात तेथे अधिक क्षमतेचा फ्यूज बसविला जातो, आणि त्या क्षणापासून वितळण्याचे काम फ्यूजऐवजी तारेवर येते. ती तार गालिच्याखालून, इंधनाच्या नळीजवळून, कापडी अस्तरामागून गेलेली असते. पावसाळ्यात बंपरखालच्या सांध्यात पाणी शिरते, तांब्यावर हिरवट गंज चढतो, सांधा तापू लागतो. इंजिन बंद ठेवून पट्टी चालू राहिली, तर लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सहा तासांच्या आत रिकामी होते. याउलट बॅटरीपासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार, बॅटरीच्या अगदी जवळ पट्टीच्या बोजाला साजेसा वेगळा फ्यूज, मधे रिले आणि पाणी न शिरणारे सांधे, एवढे पथ्य पाळले तर हा धोका पुष्कळच टळतो. हे ज्ञान गूढ नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या कोणत्याही वायरमनला ते ठाऊक असते. आवारात पक्कड घेऊन बसलेल्या तरुणाला ते कोणी सांगत नाही, एवढेच.

कायदा आणि चौक

कायदा कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मज्जाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ निःसंदिग्धपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. केरळच्या उच्च न्यायालयाने तर अशा दिव्यांविरुद्धच्या कारवाईचा आग्रह सातत्याने धरला आहे.

तरीही पट्ट्या विकल्या जातात आणि लावल्या जातात. याचे कारण गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये सांगितले आहे. नियम मोडणारा माणूस शिक्षेची रक्कम एकटी पाहत नाही, ती रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार पाहतो. पाच हजारांचा दंड शंभरात एकदाच होत असेल, तर त्याचे मनातील मोल पन्नास रुपये ठरते. शिवाय दंड जितका अवजड आणि अंमलबजावणी जितकी विरळ, तितका चौकातील तडजोडीला वाव अधिक. कायद्याचा धाक राहत नाही आणि कायद्याच्या नावाने होणारी वसुली मात्र राहते. रखवालदाराला दिसतो तो पट्टी लावलेला मालक. पट्टी विकणारे दुकान आणि ती चिकटवून देणारे गॅरेज हे दोघे या हिशेबात कोठेच येत नाहीत.

आणखी एक विसंगती अधिक बोचरी आहे. नव्या, महागड्या गाड्यांवर आज उत्पादकच पुढे-मागे लांबलचक प्रकाशपट्ट्या बसवून देतो. त्या कायदेशीर असतात, कारण नमुना-मान्यतेच्या वेळी त्यांची जागा, प्रखरता, रंग आणि कोन तपासले गेलेले असतात. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था हेच काम करतात. हा फरक खरा आहे. तपासलेला दिवा आणि न तपासलेला दिवा एक नव्हेत. पण जुन्या गाडीच्या मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होतो, की पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याची हौस म्हणजे रचना आणि तीन लाखांची गाडी घेणाऱ्याची हौस म्हणजे गुन्हा. पहिल्याला तपासणीचा मार्ग विकत मिळतो. दुसऱ्यासाठी तसा मार्ग अस्तित्वातच नाही. ज्या नियमाने पाळण्याची वाट ठेवलेली नसते तो नियम मोडताना माणसाला अपराध वाटत नाही.

मार्ग कोणता

सरसकट बंदी आणि सरसकट दुर्लक्ष या दोन टोकांच्या मध्ये एक व्यवहार्य रेषा आखता येईल. रेषा अशी: जो प्रकाश चालत्या गाडीवरून दुसऱ्याच्या डोळ्यांत किंवा रस्त्याच्या भाषेत शिरतो तो निषिद्ध, जो शिरत नाही तो मालकाच्या मर्जीचा. पुढे-मागे लाल, निळे, लुकलुकणारे किंवा धावते दिवे कोणत्याही परिस्थितीत नकोत, आणि येथे दयामाया नको. मात्र गाडी उभी असतानाच चालणारी, गाडी सुरू होताच आपोआप विझणारी, जमिनीकडे तोंड केलेली, मंद आणि स्थिर प्रकाशाची पट्टी कोणाचे काय बिघडविते? अमेरिकेतील अनेक राज्यांनी गाडीखालच्या रोषणाईला मुभा देताना पोलिसी लाल-निळ्या रंगांना मज्जाव केला आहे. म्हणजे अशी रेषा आखणे अशक्य नाही.

यासाठी मानक ठरवून तपासलेले, स्वतःचा फ्यूज असलेले आणि तारांची जाडी लिहिलेले संच बाजारात आणण्यास परवानगी द्यावी. तपासणीचा खर्च उत्पादक एकदाच करील आणि तो लाखो ग्राहकांत वाटला जाईल. एकेकट्या मालकावर तो लादण्याचे कारण नाही. जबाबदारीचे पहिले टोक विक्रेत्याकडे असावे. हजारो मालकांना चौकाचौकांत अडविण्यापेक्षा मोजक्या आयातदारांवर आणि ठोक व्यापाऱ्यांवर नजर ठेवणे स्वस्त पडते आणि त्यात लाचलुचपतीलाही वाव कमी. दंड पाच हजारांचा आणि क्वचित होणारा असण्यापेक्षा थोडा आणि हमखास होणारा असावा. पहिल्या वेळी पट्टी तेथेच काढून घेऊन सोडून द्यावे. आणि पक्कड हाती घेणाऱ्या तरुणाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी दोन दिवसांच्या वर्गात तारेचे गणित शिकवावे. जो स्वतःच्या हाताने काही जोडू पाहतो त्याचा हुरूप मारण्याइतका हा देश कारागिरांनी श्रीमंत नाही.

यावर कोणी म्हणेल, की एकदा मुभा दिली की गाडी उभी असतानाची पट्टी चालत्या गाडीवरही पेटेल. ही भीती अगदीच निराधार नाही. पण आज पूर्ण बंदी असताना त्या पट्ट्या चालत्या गाड्यांवरच पेटलेल्या आहेत, हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. ज्याला सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे त्याने तो सोडला तर त्याला शिक्षा करताना न्यायाचे बळ शासनाच्या पाठीशी असते. ते बळ आज नाही.

राहिला प्रश्न त्या तरुणाचा. दिवाळीत तो दाराबाहेर आकाशकंदील टांगतो. तो कंदील घरासाठी जितका असतो तितकाच येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असतो. त्याच्या मंद उजेडात परक्यालाही पायरी दिसते. आपल्या गाडीवरचा दिवा समोरच्याला वाट दाखवितो की त्याची वाट बुजवितो, एवढे एकदा त्याने रात्रीच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या दुचाकीवर मागे बसून पाहावे. पट्टी कोठे लावायची आणि कधी विझवायची याचे उत्तर त्याला कोणत्याही कलमावाचून सापडेल.